अर्धी ओळ

१

हे मी कुणालाही सांगायचं नव्हतं. मृणालताईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलं होतं, "शमू, मी पुण्याहून फोन करेपर्यंत चकार शब्द नाही. तुझ्या आईला तर नाहीच नाही." मी मान हलवली होती. मला बोलणं तसंही जड जातं, म्हणूनच तिने मला निवडलं असेल. पण तिचा फोन आलेला नाही. तेव्हा तिने जे सांगितलं ते, तिने सांगितलं त्याच क्रमाने लिहून ठेवते. फक्त या गोष्टीत तिला नुसतं मृणाल म्हणेन. ताई लिहायला गेलं की हात थांबतो.

बाग सेवनिया या आमच्या कॉलनीत माझं आणि मृणालचं अशी दोन्ही घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मागच्या अंगणांच्या मधे छातीएवढी भिंत. त्या भिंतीपलीकडे हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी एक ठरलेला खेळ चालायचा. मृणालची आई, वसुधाकाकू, उन्हात खुर्ची टाकून विणायच्या आणि तिचे बाबा, अच्युतकाका, समोर बसून लाकूड तासायचे. काका नोकरीला सरकारी कचेरीत, पण जीव सगळा रंध्यात. दोघांची शर्यत लागायची.

"तुझी बाही आधी होते की माझी फळी, बघूच."

"तुमची फळी? ती होईस्तोवर मृणूची पोरं कॉलेजात जातील!"

काकूंचा एकच नेम होता. ओळ अर्धी सोडायची नाही. दूध उतू जावो की दारात कुरिअरवाला घंटी बडवो, "थांबा, ओळ संपू दे," म्हणायच्या आणि शेवटचा टाका सुईवर घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत. अर्ध्यावर ठेवलं की टाके ताणतात आणि तिथे कायमचा वण राहतो, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी त्या अर्ध्या ओळीतून उठल्या. छातीत कळ आली होती. दवाखान्यातून परत आल्याच नाहीत.

२

त्या वर्षी मृणाल बारावी झाली. चित्रकला शिकायला पुण्याला अनुराधाआत्याकडे जायचं तिचं आधीपासून ठरलेलं होतं. ते तिने आपणहून वर्षभर पुढे ढकललं. बाबांना असं एकटं टाकून कसं जायचं? बाबा तेव्हा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते आणि म्हणाले होते, "एकच वर्ष, बाळा. पुढच्या संक्रांतीनंतर मी स्वतः तुला पुण्याला सोडून येईन. हा माझा शब्द."

आणखी एक शब्द त्यांनी दिला होता. तेराव्यानंतर आवराआवर करताना आत्याने विणकामाची टोपली उचलली. "दादा, हे कुणाला तरी देऊन टाकते. असं अर्धवट घरात ठेवू नये."

मृणालने टोपली तिच्या हातातून ओढून घेतली. आत मोरपिशी रंगाचा स्वेटर होता, मृणालसाठीच विणायला घेतलेला. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, एक बाही जेमतेम सुरू. दोन्ही सुयांवर टाके वाटलेले, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. आईच्या हातून शेवटचं निघालेलं काही असेल तर ती अर्धी ओळ.

"कुणी हात लावायचा नाही," मृणाल म्हणाली.

बाबांनी तिची बाजू घेतली. ते मागच्या व्हरांड्यासाठी सागवानी झोपाळा करत होते. नुसती फळी तासून झाली होती. ती भिंतीला उभी करत ते म्हणाले, "राहू दे जसं आहे तसं. मीही आता रंध्याला हात लावत नाही. वसुधाने सुई उचलली तर मी रंधा उचलीन. आमचं तसंच ठरलेलं होतं."

आत्याने डोळ्याला पदर लावला. मृणालला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं.

३

वर्ष सरलं. मृणाल सकाळी शाहपुऱ्यात लहान मुलांना चित्रकला शिकवायला जायची आणि दुपारी घरी यायची. कुलूप काढायचं, कुकर लावायचा आणि कुकरची शिटी होईपर्यंत मागच्या व्हरांड्यात आईच्या खुर्चीजवळ उभं राहायचं. टोपलीवरचा रुमाल उचलायचा, बघायचं, परत झाकायचं. देवाला हात जोडावा तसं.

मार्गशीर्षात अशाच एका दुपारी तिने रुमाल उचलला आणि तिला वाटलं, काहीतरी नीट दिसतंय. आधी कळेना काय. सगळं जागच्या जागी होतं. मग लक्षात आलं, सगळे टाके एकाच सुईवर होते. दुसरी सुई मोकळी, शेजारी आडवी ठेवलेली.

ओळ पूर्ण झाली होती.

भीती नंतर वाटली. पहिल्यांदा राग आला. संध्याकाळी बाबा आले तसं तिने विचारलं, "टोपलीला कुणी हात लावला?"

"मला विणता येतं का?" बाबा बूट काढत हसले. "तूच बघत असतेस रोज. नकळत केली असशील. माणूस करतो असं."

तिलाही ते पटलं, किंवा तिने पटवून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर आणखी विणलेलं होतं. तेव्हा ती टोपली घेऊन भिंतीपाशी आली आणि माझ्या आईला हाक मारली. आमच्या कॉलनीत स्नेहाकाकूंचा, म्हणजे माझ्या आईचा, विणकामातला शब्द शेवटचा मानतात. तिची स्वतःची कामं मात्र कपाटात अर्धीमुर्धी पडलेली असतात. माझाच एक स्वेटर मी आठवीत असल्यापासून एका बाहीवाचून अडला आहे.

"काकू, खरं सांगा. हे तुम्ही केलंत?"

"मी कशाला करू? माझं मला होत नाही." आईने चष्मा लावला आणि काठावरून बोट फिरवलं. "हे बघ. ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलायची ती, म्हणून काठ असा वेणीसारखा यायचा. आणि घट्ट किती! हात ओळखू येतो गं, अक्षर ओळखू येतं तसा. हा वसुधाचाच आहे."

"पण हे नवीन आहे, काकू."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे. "जुनंच असेल. किती विणलं होतं ते दुःखात माणसाला कुठे आठवतं," ती म्हणाली, आणि टोपली जरा घाईनेच परत दिली.

हे घडलं तेव्हा मी तिथेच कपडे वाळत घालत होते. एवढं तरी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

४

त्यानंतर बाबांच्या शर्टाच्या बाह्यांना भुसा दिसायला लागला.

मृणाल घरी यायची तेव्हा व्हरांडा झाडलेला असायचा, पण खुर्चीच्या पायांत एखादं कुरळं सालपट अडकलेलं सापडायचं. सागवानाचा ताजा, तुरट वास यायचा. भिंतीला उभी असलेली फळी आता आडवी, दोन स्टुलांवर. कडा गोल केलेल्या, हात फिरवला तर कुठे लागत नव्हतं. बाबा जेवायला बसले की दोन पोळ्या जास्त घेत. वर्षभर ज्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता ते दाढी करताना गुणगुणत.

"तुम्ही दुपारी घरी येता का, बाबा?"

"जेवायला येतो कधी कधी."

"झोपाळ्याचं काम सुरू केलंत."

"हो, केलं."

"तुम्ही म्हणाला होता…"

"मी जे म्हणालो होतो तेच करतोय," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या ताटात तूप वाढलं. "मी शब्द पाळणारा माणूस आहे, मृणू."

त्यांनी काय शब्द दिला होता ते तिला चांगलं आठवत होतं. वसुधाने सुई उचलली तर.

तिने मनाशी हिशेब मांडला. बाबांचं मन ताळ्यावर नाही. कुठल्या तरी बाईकडून ते विणून घेत असतील, आईसारखं हुबेहूब विणणाऱ्या. आणि स्वतःलाच फसवत असतील. हे तिला पटण्यासारखं होतं. एवढंच की त्या बाईने पहिला टाका उचलायची खोड कुठून उचलली, त्याचं उत्तर मिळत नव्हतं.

ती ओट्यापाशी भांडी विसळत असताना बाबा मागून आले. त्यांनी तिच्या मानेखाली अंगठा टेकवला आणि करंगळी पाठीवर लांब ताणली. एक वीत. मग तिथून पुढची.

स्वेटरचं माप आई असंच घ्यायची, टेप न वापरता. बाबांनी असं कधी केलं नव्हतं.

"काय करताय?"

"काही नाही. बारीक झालीस का बघत होतो," ते म्हणाले, आणि माप विसरू नये म्हणून माणूस बोटं तशीच ताणलेली ठेवतो, तशी ठेवून व्हरांड्याकडे गेले.

५

संक्रांत जवळ आली. मृणालने बॅग भरायला घेतली. तिळगुळाचे लाडू आत्यासाठी डब्यात भरले. कपाटातून लाल पुलओव्हर काढायला गेली तर तो नव्हता. आईनेच दोन वर्षांपूर्वी विणलेला, पुण्याला न्यायचा म्हणून तिने धुऊन घडी घालून ठेवलेला. सगळं कपाट उपसलं. मग लक्षात आलं की तिचा चित्रं काढायचा मोठा लाकडी बोर्डही दाराआड नाही.

ती व्हरांड्यात गेली. दुपारचं ऊन होतं, शेजारी आमच्याकडे रेडिओ लागलेला होता, रस्त्यावर भाजीवाला "मटर ले लो" ओरडत होता. सगळं नेहमीचं. तिने रुमाल उचलला.

बाही वाढली होती. कोपरापर्यंत मोरपिशी, आणि तिथून पुढे लाल. नवी लोकर सरळ असते. ही कुरळी होती, उसवून काढलेली. तिच्याच पुलओव्हरची.

बाही मनगटाशी संपायला हवी होती. ती संपली नव्हती. पुढे निमुळती होत गेली होती आणि टोकाशी सगळे टाके एकत्र ओढून बंद केलेले होते. तोंडच नव्हतं बाहीला. हात घातला तर बोटं आतच राहतील.

असा स्वेटर मृणालने पाहिलेला होता. घरातच, आईच्या ट्रंकेत. तान्ही असताना ती नखांनी गाल ओरबाडून घ्यायची म्हणून आईने बंद बाह्यांचं एक इवलंसं झबलं विणलं होतं. आई ते आल्यागेल्याला दाखवायची. पण हा स्वेटर तिच्या आजच्या अंगाचा होता. तिने पाठीशी धरून पाहिला. अगदी बरोबर.

मग ती झोपाळ्याकडे वळली. तो आता नुसती फळी राहिला नव्हता. चारी बाजूंनी कठडा लागला होता, बारीक दांड्यांचा, जवळजवळ बसवलेला. एका दांडीवर तिच्या बोर्डाची निळ्या शाईची रेघ तशीच दिसत होती. कड्या वर छताच्या हुकांना लावून झाल्या होत्या. झोपाळ्याला कधी कुणी चारी बाजूंनी कठडा लावतं का?

तिने त्याच्या लांबीकडे पाहिलं आणि ती आपल्या उंचीशी ताडून पाहायचं टाळलं.

संध्याकाळी तिने एवढंच विचारलं, "बाबा, तिकीट काढलं ना पुण्याचं?"

"कधीच काढलं," बाबा म्हणाले. "मला काय विसरभोळा समजलीस?" आणि त्यांनी तिच्या केसांतून हात फिरवला.

६

दुसऱ्या दिवशी शाहपुऱ्याच्या ज्या घरी ती शिकवायची तिथे पाहुणे आलेले होते. ती अकरालाच परतली. दार आतून लोटलेलं होतं, बाबांची स्कूटर अंगणात. ती बूट हातात घेऊन आत शिरली. का, ते तिला सांगता आलं नाही.

स्वयंपाकघराची खिडकी व्हरांड्यावर उघडते. तिने झडप बोटभर सरकवली.

बाबा स्टुलावर बसले होते, तिच्याकडे तोंड करून. दोन्ही हात पुढे, तळवे एकमेकांसमोर, आणि मनगटांभोवती लाल लोकरीची लडी. ज्यांच्या घरी विणतात त्यांना हे माहीत असतं. एकाने लडी हातांवर धरायची आणि दुसऱ्याने समोर बसून गुंडा करायचा. धरणाऱ्याने हात डावीकडे, उजवीकडे झुलवत राहायचं, म्हणजे धागा न अडकता सुटतो. बाबांचे हात झुलत होते. धागा सुटत होता. तो उन्हातून ताणलेला जात होता आणि उघड्या दाराच्या फळीमागे नाहीसा होत होता, जिथे आईची खुर्ची आहे. मृणालला खुर्चीचा फक्त एक पाय दिसत होता.

"हळू ओढ गं," बाबा म्हणाले. "मनगटाला काचतं."

धागा जरा सैल पडला.

"नाही, तिकीट काढलंच नाही. अनुराधाला परवाच सांगितलं, मृणालचा विचार बदलला म्हणून. ती चिडली थोडी. चिडू दे." हात झुलले, डावीकडे, उजवीकडे. "माप मी दोनदा घेतलंय. तू म्हणालीस तेवढीच आहे. वाढायची थांबलीय आता."

मग त्यांनी मान कलती केली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. आणि हसले. रविवारचं, शर्यतीतलं ते हसू.

"बरं बाई, तू जिंकलीस. माझ्या दोन दांड्या राहिल्यात. तू तुझी ओळ संपव, मग बोलावतो तिला."

दारामागून सुयांचा आवाज यायला लागला. टिक्, टिक्, टिक्. मृणाल त्या आवाजात लहानाची मोठी झाली होती. वर्षभर ती त्या आवाजासाठी उशीत तोंड घालून रडली होती. दार ढकलून धावत जायला हवं होतं तिने. पण तिने झडप हळूच लोटून घेतली.

"मला भीती नाही वाटली, शमू," तिने मला सांगितलं. "सच्ची. मला इतकं वाईट वाटलं. दोघांनी मिळून ठरवलं आणि मला विचारलंसुद्धा नाही. मी वर्षभर कुणासाठी थांबले गं?"

७

ती तशीच मागे फिरली, बॅग उचलली आणि आमच्याकडे आली. मला शाळेला सुट्टी होती, आई बाजारात गेली होती. मृणालताईने सगळं मला माझ्या खोलीत, पलंगावर पाय पोटाशी घेऊन सांगितलं. बॅगेत वरच तिची लोकरीची हिरवी शाल घडी करून ठेवली आणि बॅग माझ्या पलंगाखाली सरकवली. सकाळच्या गाडीने ती एकटीच जाणार होती. तिकीट तिने माझ्या फोनवरून काढलं.

"आजची रात्र इथेच राहा," मी म्हणाले.

"राहीनच. पण एक काम करून येते." तिचे डोळे कोरडे होते. "बाबांची स्कूटर गेली आत्ताच. टोपलीतली सुई काढून घेते आणि धागा ओढते. एकदा ओढला की सगळं उसवतं. माझ्या नावाचं तिथे काही अर्धंसुद्धा ठेवायचं नाही मला."

ती भिंतीवरून पलीकडे गेली. मी अलीकडे उभी राहिले. एक वाजला असेल, ऊन भिंतीवर होतं. मला टोपली ओढल्याचा आवाज आला. मग सुया थांबाव्यात तशी शांतता. त्याआधी सुया वाजत होत्या हे मला त्या वेळी कळलं.

मग काकांचा आवाज आला. ते कधी परतले, मला ऐकू आलं नव्हतं. रागाचा आवाज नव्हता तो. लाडाचा होता.

"आलीस, बाळा? ये. हात वर कर बघू. असे."

मी भिंतीवर चढायला हवं होतं. मी हाक मारायला हवी होती. मी भिंतीला हात टेकून ऐकत राहिले. थोड्या वेळाने झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. जड काहीतरी बसल्यासारख्या. आणि मग एका लयीत, जात-येत.

काकांनी माझ्या आईला सांगितलं, मृणाल पुण्याला गेली. पुण्याहून आत्याचा फोन आला, तेव्हा आईने तिला सांगितलं, अहो, मुलीचा विचार बदलला, बापाजवळच राहायचं म्हणते. दोन्ही गोष्टी आईने एकाच दिवशी, एकाच चेहऱ्याने सांगितल्या. मी बॅगेचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "मोठ्यांच्या घरात आपण नाक खुपसू नये, शमे. पोटच्या पोरीने बापाला टाकून जाणं चांगलं दिसतं का?"

आता रोज दुपारी आई काकांचा डबा घेऊन तिकडे जाते आणि उशिरा येते. मी शाळेतून आले की भिंतीपलीकडे कड्या वाजत असतात. आज घरी आल्यावर मी बॅग बाहेर ओढली. ती हलकी लागली. तिळगुळाचा डबा होता, कपडे होते. मृणालताईची हिरवी शाल नव्हती.

आईने कपाटातून माझा स्वेटर काढलाय, आठवीतला. भराभर होतोय. काल दारात पोस्टमन आला तर उठली नाही, म्हणाली, थांबा, ओळ संपू दे.

आत्ता हाक मारतेय. "शमे, ये गं इकडे. पाठ कर जरा, वीत लावायचीय." आले, म्हटलं मी. एवढंच लिहायचं राहिलंय, की तिच्या मांडीवरची ती बाही मी मघाशी पाहिली, कोपरापुढे हिरवी झालेली, आणि तिच्या टोकाला